छातीवर लिहिलेलं नाव

पांढुर्णा
१२ सप्टेंबर २०२४

अलकाकाकूंना प्रणालीचा नमस्कार.

अमृता गेल्यापासून तुम्हाला तोंड दाखवलं नाही आणि आता एकदम पत्र, तेव्हा आधी ओळख देते. तिच्याबरोबर इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स असलेली, सौंसरला तुमच्या घरी येऊन पुरणाच्या पोळ्या हाणणारी, लोधीखेड्याची ती प्रणाली. आता लग्न झालंय. नवरा हेमराज, संत्र्यांचा व्यापार करतो. दवाखाना मात्र तोच.

फोन का नाही केला, असं म्हणाल. काकू, मला फोन उचलवत नाही. कोरोनात वॉर्डचा फोन माझ्याकडे असायचा. बाहेरून घरची माणसं विचारायची, जेवले का, बोलले का, आणि मी हातमोजा घातलेल्या हातात फोन धरून उत्तरं द्यायची. आता कुणाचाही फोन वाजला की तळहात ओले होतात. हेमराजनं माझ्या फोनचा आवाज कायमचा बंद करून ठेवलाय. दूधवाला सुद्धा कुरकुरतो, "तुमाले फोन लावण्यापेक्षा घरी येऊन जाणं बरं, म्याडम."

लिहायचं कारण वेगळंच आहे. पोळ्यानंतरच्या गोटमारीत दगडांनी डोकी फुटलेले लोक घरी गेले न गेले तोच तापाची साथ आली. बेड पुरेनात म्हणून मागचा हॉल उघडला. तोच, आपला कोरोनाचा वॉर्ड. परवा तिथे खेड्यावरची एक म्हातारी भरती झाली. आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढलेली. सकाळी मी सलाइन लावत होते, तर मला म्हणते, "थे दुसरी सिस्टर कुठं गेली वं? जिच्या छातीवर नाव लिवलं होतं, थे?"

आता कुणी छातीवर नाव लिहीत नाही. तेव्हा लिहायचो. किट चढवली की सगळे डोक्यापासून पायापर्यंत सारखेच पांढरे, कोण कोण ते कळायचं नाही, म्हणून मार्करनं छातीवर नाव. सगळ्यांची नावं अमृताच लिहायची, डाव्या हातानं. मी म्हातारीला विचारलं, काय नाव होतं? "मले का वाचता येते? पर अक्षरं तिरपी होती, पडल्यावानी."

मी घाबरले नाही. खरं सांगू? फार बरं वाटलं. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि तुमच्याशिवाय दुसरं कोणी आठवेना.

तुमची
प्रणाली


सौंसर
१९ सप्टेंबर २०२४

चि. प्रणाली,

पत्र मिळालं. ओळख द्यायची गरज नव्हती. एका बैठकीत सात पोळ्या खाणारी मुलगी माझ्या घरात दुसरी आलेली नाही.

पण मला तुझा राग आला, हे स्पष्ट सांगते. असं काही कुण्या आईला लिहितात का? तापात माणसाला काय वाटेल ते दिसतं. कोरोनातले ते छातीवर नावं लिहिलेले लोक टीव्हीवर सगळ्या गावानं पाहिले, त्या म्हातारीनंही पाहिले असतील. मी जन्मभर शाळेत शिकवलं आहे आणि तुझे विनायककाका तर पेपरातलं भविष्यसुद्धा वाचत नाहीत. आमच्या घरी असल्या गोष्टींना थारा नाही. तू दमली आहेस. चार दिवस रजा काढ, लोधीखेड्याला आईकडे जा, पोटभर जेव आणि झोप.

अमूचं सगळं आवरून झालं आहे. तिचे कपडे दिले, पुस्तकं दिली. मोठ्या मुश्किलीनं आवरलं आहे.

काकांचा तुला आशीर्वाद.

अलकाकाकू

ता. क. त्या म्हातारीला अजून सुट्टी झाली नसेल तर एवढंच विचार, की ती सिस्टर दमलेली दिसत होती का.


पांढुर्णा
२७ सप्टेंबर २०२४

काकू,

म्हातारी घरी गेली, पण जायच्या आधी विचारलं. म्हणाली, "दमली होती, पर घाईत नव्हती."

तुम्हाला शेवटचे दिवस कोणी नीट सांगितलेच नसतील. त्या वेळी किट मोजकीच यायची. अमृता आलेल्या किटवर आधीच नावं टाकून ठेवायची, तिची स्वतःचीही. तिला ताप आला तेव्हा तिच्या नावाची किट तशीच पडून होती. फेकायची कशी? मी घातली. दिवसभर पेशंट मला अमृता सिस्टर म्हणाले आणि मी ओ देत गेले. प्रत्येकाला समजावून सांगायला दम कुणाकडे होता?

मग तिलाच नऊ नंबरच्या बेडवर आणलं. मी तिचीच किट घालून तिच्यापुढे उभी. तिनं माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि मास्कच्या आतून हसली. म्हणाली, "मी तं ड्यूटीवर दिसून राहिली. मंग बेडवर कोण पडून आहे वं?" आम्ही दोघी खूप हसलो, काकू. त्या हॉलमध्ये तेवढंच एकदा हसलो.

दुसऱ्या दिवशी तिला नागपूरला न्यायचं ठरलं. ओव्हर म्हणजे काय ते तिनं तुम्हाला सांगितलं असेल. पाळी संपली की जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला बेडबेड फिरून सांगते, याला काय झालं, त्याला काय द्यायचं. ओव्हर दिल्याशिवाय आम्ही वॉर्ड सोडत नाही, घरी आग लागली तरी नाही. अमृतानं आजारी पडल्या दिवशी कुणालाच ओव्हर दिली नव्हती. दारातच कोसळली होती. अॅम्ब्युलन्सचं दार लावताना ती मला एवढंच म्हणाली, "प्रणाली, ओव्हर राहिली." दार बंद झालं.

म्हणून म्हणते, ती गेलीच नसेल.

हल्ली चार नंबरच्या बेडपाशी पाण्याचा ग्लास भरलेला असतो. बेड रिकामा आहे. आमच्या आयाबाई शकुबाई म्हणतात, "म्या नाही भरला. अन् तुमी काऊन इचारता? तुमीच तं भरून राहिल्या होत्या." आणि काल चार्टवर तापाचे आकडे तिरपे पडले होते. पाळी माझी होती. पण मी डावखुरी नाही.

प्रणाली


सौंसर
४ ऑक्टोबर २०२४

प्रणाली,

मागच्या पत्रात रागावले, ते विसर.

रजा घेऊ नकोस. म्हणजे, तब्येत बरी असेल तर.

आम्हाला नागपूरहून बंद पिशवी दिली. चेन उघडू दिली नाही. काका म्हणाले, नियम आहे, आणि ते बरोबरच म्हणाले. पण तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे, की वाटेत ती शुद्धीत होती का, तिला कळत होतं का, तिनं कुणाला हाक मारली का. हे मी कुणाला विचारणार? त्या ड्रायव्हरचं नावही माहीत नाही.

ती दिसली तर विचारशील? तुला वाटेल, म्हातारी चळली. वाटू दे.

पोस्टमन आला की हल्ली मीच फाटकाशी जाते, तेव्हा काकांची काळजी नको.

अलकाकाकू


पांढुर्णा
१४ ऑक्टोबर २०२४

आई,

शुद्धीत होते. वाटेत सावनेर गेलेलं कळलं. खिडकीच्या काचेतून बाभळी उलट्या पळताना दिसत होत्या. घसा कोरडा पडला होता, पण भीती नव्हती. मी हाक मारली नाही. तुला ऐकू आली नसती आणि मग तू जन्मभर तेच ऐकत बसली असतीस.

लहानपणी मी उजव्या हातानं लिहावं म्हणून तू माझा डावा हात तुझ्या पदराला बांधून ठेवायचीस, आठवतं? तू पाटीवर पुढचं अक्षर काढेपर्यंत मी पदराची गाठ सोडवून मोकळी. तू कधी बाबांना सांगितलं नाहीस. मीही नाही.

इथे काम फार आहे. जेवायला सवड होत नाही.

अमू


पांढुर्णा
२१ नोव्हेंबर २०२४

अलकाकाकूंना हेमराजचा नमस्कार.

मी प्रणालीचा नवरा. पत्र लिहिणारा माणूस नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी बायको आता प्रणाली म्हटलं तर मान वर करत नाही. अमृता म्हटलं तर ओ देते. डाव्या हातानं जेवते, म्हणजे जेवली तर. घरातल्या प्रत्येक कुडत्यावर मार्करनं छातीवर नाव लिहून ठेवलंय. तापाची साथ संपली, हॉलला कुलूप लागलं, तरी ती भर दुपारी व्हरांड्यात जाऊन खिडकीतून एकेका बेडशी बोलत होती. शकुबाईनं तिला हाताला धरून घरी आणलं. दवाखान्यातल्या लोकांनी तिला रजा दिली, ते चांगले वागले. मोठे डॉक्टर मला म्हणाले की कोरोनानंतर असं बऱ्याच नर्सांचं झालंय, कुणी बोलत नाही एवढंच.

माझी आई म्हणते जामसावळीला मारुतीपुढे न्या. डॉक्टर म्हणतात नागपूरला मनाच्या डॉक्टरकडे न्या. मी दोन्हीकडे नेणार आहे, मला कशाचीच लाज नाही. पण नागपूरच्या डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हिला बाहेरून कोणी त्या नावानं हाक मारतं का, ते आधी पाहा.

मी तिची उशी उचलली. तुमची पत्रं होती. सगळी वाचली. "चि. अमू, दिवाळीला अनारसे पाठवते." "चि. अमू, थंडी पडली, स्वेटर घालतेस का?" "चि. अमू, प्रणालीला सांगू नकोस, पण तिच्यापेक्षा तूच लिही."

काकू, तुमचं पत्र आलं की दोन-तीन दिवस माझ्या घरात तुमची पोरगी असते. मग मी माझ्या बायकोला शोधत बसतो. तुमची पोरगी गेली, त्याचं मला वाईट वाटते. पण माझी बायको जिती आहे. ती मला परत द्या.

हेमराज


सौंसर
२८ नोव्हेंबर २०२४

श्री. हेमराज यांस,

तुमचं पत्र काकांनी वाचलं आणि मग मला वाचायला दिलं. घरात आता लपलेलं काही नाही.

मी फसले नव्हते. अमूच्या नावानं आलेल्या पहिल्याच पत्राला मला ठाऊक होतं, ही प्रणालीच लिहिते आहे आणि तिचं डोकं ठिकाणावर नाही. एका आजारी मुलीला मी आजारी ठेवलं, कारण ती आजारी असताना मला आई म्हणत होती. याहून वाईट काही मी केलेलं नाही. पदराला हात बांधायची गोष्ट मात्र घरात आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नव्हती. तिथं माझा तोल गेला.

एक शेवटचं पत्र सोबत आहे. आधी तुम्ही वाचा, त्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी हो म्हटलं तरच तिला द्या.

अलका


(सोबतचं)

चि. अमू,

तुझी ड्यूटी फार लांबली, बाळा. कुणी बदलीला आलंच नाही म्हणून तू थांबलीस, होय ना? ओव्हर राहिली म्हणून.

मी येते बदलीला. मी नर्स नाही, पण पहिलीचा वर्ग सांभाळला आहे, आणि तोही शाळेचं छत गळत असताना. तू मला ओव्हर दे. एकेक बेड लिहून पाठव, कुणाला सोडू नकोस. मी सगळं करीन.

मग तुला इथे थांबायचं काही कारण नाही.

तुझी आई


पांढुर्णा
७ डिसेंबर २०२४

ओव्हर.

बेड एक. लोधीखेड्याचे आजोबा. मास्क काढून तंबाखू मागतात. रागवायचं नाही. मुलगा इंदूरहून निघाला आहे असं सांगायचं. रोज सांगायचं.

बेड चार. कॉलेजचा मुलगा. सारखी तहान लागते. ग्लास हातात द्यायचा नाही, सांडतो. ओठाला लावायचा.

बेड सहा. बाई बोलत नाहीत. सुई लावण्यासाठी हातातल्या बांगड्या काढल्या आहेत, हिरव्या, काचेच्या. खिशात ठेवल्या आहेत. विचारतील तेव्हा द्यायच्या.

बेड सात. रिकामा आहे. तरी चादर बदलायची.

बेड नऊ. अमृता. नागपूरला नेत आहेत. शुद्धीत आहे. तिच्या आईला कळवायचं, हात बांधल्याचा राग नव्हता. गाठ नेहमी सैलच असायची.

आणखी एक आहे. प्रणाली. तिला बेड नाही, उभीच असते. जेवत नाही. फोनला घाबरते. नाव विचारलं तर चुकीचं सांगते. तिला एकटीला सोडायचं नाही. नाव विचारत राहायचं, बरोबर सांगेपर्यंत विचारायचं.

सगळे दिले. घेणाऱ्यानं सही करावी.


सौंसर
१२ डिसेंबर २०२४

ओव्हर घेतली. बेड एक, चार, सहा, सात, नऊ. आणि प्रणाली.

सही केली आहे: अलका. काकांनीही केली, त्यांना राहवलं नाही.

अमू, आता जा. आई आहे इथे.


सौंसर
१६ डिसेंबर २०२४
(पोस्टकार्ड)

चि. प्रणालीस, तुझं नाव काय?
अलकाकाकू


सौंसर
२३ डिसेंबर २०२४
(पोस्टकार्ड)

चि. प्रणालीस, तुझं नाव काय? हेमराजना म्हणावं, उत्तर काहीही आलं तरी कार्ड वाचून दाखवा.
अलकाकाकू


सौंसर
१० फेब्रुवारी २०२५
(पोस्टकार्ड)

चि. प्रणालीस, तुझं नाव काय?

आमच्याकडे ठीक आहे. ऊन अजून तापलं नाही, पण माठातलं पाणी लवकर संपतं हल्ली. काका म्हणतात माठ पाझरतो. असेल. मी पुन्हा भरून ठेवते. ग्लासही ठेवते शेजारी.

अलकाकाकू


पांढुर्णा
१९ मार्च २०२५

काकू,

तुमची सगळी पोस्टकार्डं माझ्यापुढे आहेत. हेमराज दर आठवड्याला चहा घेताना एक कार्ड वाचायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. सुरुवातीला मी काय उत्तर द्यायची ते तुम्हाला माहीत आहे. मग काही आठवडे उत्तरच देईना, म्हणे. मग एक दिवस मला हसू आलं. म्हटलं, काकूंना एवढं साधं कसं आठवत नाही? हेमराज चहा टाकून अंगणात जाऊन रडला. मला वाटलं, चहात मीठ पडलं की काय.

नागपूरला दर महिन्याला जाते. गोळ्या चालू आहेत, झोप लागते. बाहेर बाकावर बसावं लागतं, तिथे दुसऱ्या नर्सा भेटतात. एक भंडाऱ्याची आहे, तिला ऑक्सिजनच्या सिलिंडरचा आवाज आला की ती कपडे धुवायला बसते. एकाचं पेशंट उचलायचं काम होतं, तो आता झोपलेल्या बायकोला हलवून पाहतो. आम्ही एकमेकांना सांगतो. आधी कुणी सांगत नव्हतं, सगळ्यांना वाटायचं आपलंच डोकं फिरलं. डॉक्टर म्हणतात, फिरलेलं नाही, फक्त फार दिवस ड्यूटीवर राहिलं. जामसावळीलाही गेलो. सासूबाई खूश, मलाही बरं वाटलं. मारुती निजलेला आहे ना तिथे, मी म्हटलं, चला, कुणीतरी झोपलंय.

पदराच्या गाठीचं मला कसं कळलं ते खूप आठवून पाहिलं. आठवत नाही. अमृतानंच कधी सांगितलं असेल. पाळीवर एवढे तास बसायचो, काय नाही बोललो? तुम्हीही असंच समजा.

ती ओव्हर लिहिल्याचंही आठवत नाही. पण वाचली, आणि शेवटच्या पेशंटला मी ओळखते. ती आता बसते. जेवतेही, उजव्या हातानं.

पुढच्या महिन्यापासून कामावर जायचं आहे, लसीच्या खोलीत, लहान मुलांकडे. हॉलकडे नाही. म्हणून परवा जुना अॅप्रन धुवायला काढला. खिशात हिरव्या काचेच्या बांगड्या निघाल्या. माझ्या नाहीत, मापानं मोठ्या आहेत. मी कुणाच्या हातातून काढल्याचं मला आठवत नाही आणि अॅप्रन तर कोरोनानंतर घेतलेला. शकुबाईंना दाखवल्या तर त्या मागे सरल्या. हेमराज सौंसरला येईल तेव्हा त्याच्याकडे कापडात बांधून पाठवते. ओव्हर तुम्ही घेतली आहे, तुमच्याकडेच राहू द्या. कुणी विचारलं तर द्या.

काकू, तुमची मुलगी तुम्ही माझ्यासाठी सोडलीत. मी त्याची फेड करू शकत नाही, आणि करीन असं म्हणणारही नाही. पण तुम्ही एकट्या तिथे सगळ्यांना पाणी पाजत बसाल, हे मला चालणार नाही. तुमचीही पाळी कधीतरी संपली पाहिजे.

म्हणून या सोमवारी कार्ड टाकू नका. फोन करा. हेमराजनं आवाज सुरू करून दिला आहे. वाजला की हात ओले होतील, ते मला माहीत आहे. पदराला पुसून उचलीन.

या पत्राखाली नाव लिहीत नाही. फोन उचलला की तुम्ही विचारायच्या आधीच सांगीन.